खाल्ल्या मिठाला

एंगुरी नदीच्या काठाने स्वानेतीत चढणाऱ्या रस्त्यावर अवघड वळण आलं की तिथे हमखास एक लहानशी छपरी दिसते. छपरीखाली काळ्या दगडावर कोरलेला एखाद्या तरुणाचा चेहरा, पुढ्यात बाक, टेबल, आणि टेबलावर बाटली नि पेले. त्या वळणावर गाडीसकट दरीत गेलेल्यांची ही स्मारकं. आमच्या ड्रायव्हरने अशाच एका ठिकाणी गाडी उभी केली, पावाच्या तुकड्यावर थोडी वाइन ओतली, तुकडा दगडापाशी ठेवला आणि काहीतरी पुटपुटला. स्वतः मात्र थेंबही घेतला नाही. पुढे अजून पुष्कळ वळणं होती.

"शाळेतला मित्र होता म्हणतोय, काकू," माझ्याबरोबरचा मुलगा म्हणाला.

हा मुलगा सांगलीचा, माझ्या मैत्रिणीचा धाकटा. तिबिलिसीत डॉक्टरकी शिकतो. भारतातली हजारो मुलं हल्ली तिथे शिकायला असतात. कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून तो माझा दुभाषा व्हायला तयार झाला. वॉर्डातल्या पेशंटशी बोलण्यापुरती त्याला जॉर्जियन येते. तेवढ्या भांडवलावर आम्ही जॉर्जियाच्या डोंगरातली दोन टोकं पाहिली, पश्चिमेला स्वानेती आणि पूर्वेला तुशेती.

पितृपंधरवडा चालू होता. घरी त्या आठवड्यात सासऱ्यांच्या तिथीला पान वाढलं गेलं असेल, जाऊबाई गच्चीवर कावळ्याची वाट बघत उभ्या असतील. आपण आपल्या माणसांना गेल्यानंतर वर्षातला एक पंधरवडा देतो. तिथी, पदार्थ, पानाची दिशा, सगळं ठरलेलं. इकडे त्यांना तिथी लागत नाही. वळणावरच्या बाकावर, कबरीशेजारी मांडलेल्या टेबलावर, रोजच्या जेवणात ते पंगतीलाच असतात. पुढे ज्या ज्या घरी जेवलो तिथे एक पेला गेलेल्यांच्या नावाचा असायचाच, आणि तो उचलताना मोठमोठ्याने हसणारी माणसंसुद्धा आवाज खाली आणायची.

एंगुरीचं धरण मागे पडलं. दोनशे एकाहत्तर मीटर उंचीची ती कमानदार भिंत जगातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक आहे. तिच्यावरून नजर काढून घेतली की डोंगर दोन्ही बाजूंनी इतके जवळ येतात की आकाशाची एक चिंधी तेवढी उरते. मग एकाएकी दरी उघडते आणि पहिला मनोरा दिसतो.

मेस्तिया हे वरच्या स्वानेतीचं मुख्य गाव. २०१० साली इथे विमानतळ झाला, चौकात कॅफे आले, लाकडी सज्ज्यांच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या. पण मान वर केली की मनोरेच मनोरे. घराला चिकटून दगडी मनोरा, वीस-पंचवीस मीटर उंच, वर जाताना किंचित निमुळता, माथ्याला बाहेर आलेल्या कमानींची पट्टी. बहुतेक नवव्या ते तेराव्या शतकांमधले. या मनोऱ्यांमुळेच १९९६ साली युनेस्कोने वरच्या स्वानेतीला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आपल्या देशावरच्या गावात गढी असते ती पाटलाची नाहीतर देशमुखाची. संकट आलं की गाव तिच्या आसऱ्याला जाई. स्वानेतीत गढी घरटी आहे. कारण संकट दर वेळी खिंड ओलांडून येत नसे, ते समोरच्या घरातही राहत असे. खुनाला खून ही चाल इथे विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. दोन घराण्यांत रक्ताचं वैर पडलं की पुरुष मनोऱ्यात जाऊन बसायचे. हिमलोट आले तरी आसरा तोच. मनोऱ्यांकडे पाहताना मला त्यांच्या रूपाइतकंच त्यांचं अंतर खुपत होतं. एका मनोऱ्याच्या झरोक्यातून दुसऱ्याच्या झरोक्यातला माणूस ओळखू येईल, इतकं जवळ.

मेस्तियाच्या संग्रहालयात आदिशी गावचं शुभवर्तमान आहे, इसवी सन ८९७ मधलं हस्तलिखित. खालच्या मुलखात परकी फौजा शिरल्या की देवळांतल्या प्रतिमा आणि ग्रंथ या डोंगरांत आणून ठेवत. सोन्या-चांदीने मढवलेल्या प्रतिमा गावकऱ्यांनी शतकानुशतकं सांभाळल्या. भांडण मिटवायचं तर याच प्रतिमांवर हात ठेवून शपथ घ्यायची, आणि ती मोडण्याची छाती सहसा कोणाला होत नसे. जवळच मिखाइल खेरगियानी या गिर्यारोहकाचं घर आहे. १९६९ साली इटलीतल्या डोलोमाइट पर्वतात तो पडून गेला. गावातल्या पोरांना त्याचं नाव आपल्या पोरांना क्रिकेटपटूंची असतात तसं तोंडपाठ आहे.

आदिशी गाव आम्ही चालत गाठलं. १९८७ च्या हिवाळ्यात स्वानेतीवर भयंकर हिमलोट कोसळले. माणसं गेली, घरं गाडली गेली, आणि सरकारने कित्येक कुटुंबांना खाली मैदानात नेऊन वसवलं. आदिशी जवळपास रिकामंच झालं. आता काही घरांना पुन्हा पत्रे चढलेत, बाकीच्यांच्या भिंतींतून झाडं वर आलीत. पलीकडे जायचं तर हिमनदीतून निघणारा ओढा ओलांडावा लागतो आणि त्यासाठी गावकरी घोडे घेऊन काठावर बसलेले असतात. ज्याच्या घोड्यावर मी बसले तो म्हातारा पाण्यात शिरताना माझ्याकडे न बघता घोड्याशी स्वान भाषेत सतत बोलत होता. ही भाषा लिहिली जात नाही. शाळा जॉर्जियनमध्ये, कचेरी जॉर्जियनमध्ये. स्वान राहिली ती घरात, गाण्यात आणि घोड्याच्या कानात.

उशगुलीला पोचलो तेव्हा ढग उतरले होते आणि श्खारा पर्वत दिसत नव्हता. चाझाशी, मुर्कमेली, च्विबियानी, झिबियानी अशा चार वाड्यांचं हे गाव समुद्रसपाटीपासून एकवीसशे मीटरच्या आसपास आहे. बोळांतून चिखल, शेण आणि वितळलेल्या पाण्याचे ओहोळ. गाई आपल्या वेळेला आपापल्या दारात येऊन उभ्या राहत होत्या. ज्या घरी उतरलो तिथल्या आजींना माझा दुभाषा पहिल्या क्षणापासून 'बेबिया' म्हणू लागला. जॉर्जियात नातवंडं आजीला हीच हाक मारतात. आजींनी मला हात धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. पाहुणीला बैठकीच्या खोलीत बसवायची चाल त्यांच्याकडेही आहे, पण बाहेर गारठा होता आणि चूल आत होती.

लाकडी उखळात मीठ कुटणं चाललं होतं. जाड मीठ आणि सोललेला लसूण आधी कुटून घ्यायचा, लसणाचं पाणी मिठात मुरू द्यायचं. मग धणे, शेपूचं बी, डोंगरात मिळणारं शहाजिरं, लाल मिरची, निळ्या फुलाच्या एका मेथीची पूड. शेवटी त्यांनी एका बरणीतून केशरी-पिवळी भुकटी काढून तळहातावर घेतली आणि माझ्या नाकापाशी धरली. मला वास ओळखता येईना. मग त्यांनी खिडकीतल्या कुंडीकडे बोट केलं. कुंडीत झेंडू होता. वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्या! आमच्याकडे दसऱ्याला याच फुलांचं तोरण दाराला लावतात, गाडीला हार घालतात, हे मी सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मग? खात नाही?"

मी बत्ता मागून घेतला. लसूण-मीठ कुटायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझा हात बघून त्या उठल्या आणि दुसऱ्या कामाला लागल्या. परक्या घरात आपल्याला काम सोपवून बाई निर्धास्तपणे पाठ फिरवते, यापेक्षा मोठा मान मला त्या प्रवासात मिळाला नाही.

या मिठामागे टंचाई आहे. १९३० साली मिखाइल कालातोझोवने याच मुलखावर 'स्वानेतीसाठी मीठ' नावाचा मूकपट काढला. बर्फाने जगापासून तोडलेल्या या गावांना सगळं काही पिकवता येत होतं, मीठ तेवढं नव्हतं. ते खिंडी ओलांडून पाठीवर वाहून आणावं लागे. अपुरं मीठ पुरवून वापरायचं म्हणून त्यात मसाले घालायला लागले, असं इथे सांगतात. आज तेच मसाल्याचं मीठ तिबिलिसीच्या बाजारात ढिगाने विकायला असतं आणि स्वानेतीहून परतणारा प्रत्येक जण पिशवीभर घेऊन जातो. ज्याची उणीव होती तीच वस्तू या लोकांनी साऱ्या देशाला पुरवायला घेतली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

तो शुक्रवार होता. आजी बुधवार-शुक्रवार पाळतात. घरात दुभती जनावरं, कोपऱ्यात चीजचे गोळे, पण त्या दिवशी त्यांच्या ताटात दूध, लोणी, चीज, अंडं, मांस काही नाही. घेवड्याची दाट उसळ, बटाटे, पाव, अक्रोडाचं वाटण लावलेला बीटचा पाला. आपल्या उपवासाला धान्य वर्ज्य आणि दूध-तूप हवं तितकं. त्यांच्याकडे धान्य चालतं, दूध-तूप वर्ज्य. मी साबुदाण्याची खिचडी कशी करतात ते सांगितलं, तर तूप शब्दाशीच त्यांनी मला थांबवलं. "मग उपास कसला?" वरई, शिंगाडा, रताळं यांचं समर्थन दुभाष्यामार्फत करणं मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र कुबदारी झाली. या भाकरीत भरायचं मांस यंत्रातून काढत नाहीत, सुरीने बारीक तुकडे करतात. त्यात कांदा आणि कालचं मीठ घालून हाताने मळायचं, ते हाताला चिकटायला लागेपर्यंत. कणकेच्या गोळ्यात सारण भरून तोंड बंद करायचं, उलटं करून तळव्याने थापायचं, मधोमध बोटाने एक भोक पाडायचं म्हणजे वाफ कोंडत नाही. लोखंडी चुलीवर भाजून निघाली की वर लोणी. मी थापलेली एक कुबदारी कडेला फुटली आणि रस चुलीवर सांडला. आजींनी ती फुटकी कुबदारी आपल्या ताटात घेतली. मला घेऊ दिली नाही.

जुनं घर शेजारीच होतं, आता त्यात लाकूड आणि गवत ठेवतात. खालचा मजला म्हणजे एकच मोठी अंधारी खोली. मध्यभागी अग्नी, त्याच्यावर तुळईला टांगलेली दगडाची सपाट फळी, ठिणग्या वर जाऊ नयेत म्हणून. चहूबाजूंनी कोरीव लाकडी कमानींच्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीतून गाईने तोंड बाहेर काढून चारा खायचा. गाईंच्या वरच्या माळ्यावर माणसं झोपायची. जनावरांची ऊब वर चढायची. अग्नीपाशी घरातल्या वडीलधाऱ्याची कोरलेली खुर्ची. तिच्यावर बसायला मी कचरले, तर आजींच्या मुलाने मला खांद्याला धरून बसवलं.

त्या खोलीतून मनोऱ्यात जायची वाट आहे. दर मजल्याला एकच चौकोनी भोक आणि त्याला टेकवलेली शिडी. वर गेलं की शिडी ओढून घ्यायची, भोकावर दगड ठेवायचा. भिंतीला हात लावला की थंडी कोपरापर्यंत चढते. सगळ्यात वरच्या झरोक्यातून मुलाने मला गाव दाखवलं आणि पुता दादेशकेलियानीची गोष्ट सांगितली. दादेशकेलियानी हे खालच्या अंगाचे सरदार. उशगुली कोणाची मांडलिक नव्हती. पुताला ती हवी होती. उशगुलीकरांनी त्याला मेजवानीला बोलावलं. तो जेवायला बसला तेव्हा लपवून ठेवलेल्या बंदुकीच्या घोड्याला लांब दोर बांधलेला होता आणि दोराचं दुसरं टोक गावातल्या सगळ्यांच्या हातात होतं. सगळ्यांनी मिळून ओढला. मारणारा कोण, याला उत्तरच राहिलं नाही. सूड कोणा एका घराण्यावर उगवता येऊ नये म्हणून अख्ख्या गावाने खून वाटून घेतला.

ही गोष्ट सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि थोडी चलबिचलही. मी विचारलं, "पण तो पाहुणा होता ना?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणून तर सगळ्यांनी ओढला. एकट्याला पेलवलं नसतं."

खाल्ल्या मिठाला जागावं, हे आपण खाणाऱ्याला सांगतो. इथे ते वाढणाऱ्यालाही बांधून ठेवतं. वाझा-प्शावेला या कवीने १८९३ मध्ये लिहिलेलं 'यजमान आणि पाहुणा' हे काव्य जॉर्जियातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. त्यातला यजमान नकळत आपल्या जमातीच्या वैऱ्याला घरी आणतो, आणि तो कोण हे कळल्यावरही साऱ्या गावाच्या विरोधात त्याच्यासाठी उभा राहतो. डोंगरातला पाहुणचार आपण प्रवासी लोक भाबडेपणाने स्वभावाचा गोडवा समजतो. तो कायदा आहे. ज्या मुलखात राजाचा शिपाई पोचत नव्हता, तिथे बर्फात सापडलेल्या परक्याने जगायचं कसं याचं ते कलम आहे, आणि सुडाइतकंच ते कडक आहे. ज्या हातांनी मनोरा चढवला त्याच हातांनी हे टेबल मांडलं. दोन्हींना सारखीच शिस्त लागली असणार.

संध्याकाळी टेबल मांडलं गेलं. घरातल्या थोरल्या काकांनी तामादाचं काम घेतलं. तामादा म्हणजे पंगतीचा चालक. त्याने शब्द उच्चारल्याशिवाय कोणी पेला तोंडाला लावायचा नाही. देवासाठी, शांततेसाठी, मग या घरासाठी, गेलेल्यांसाठी, मुलांसाठी. प्रत्येक वेळी तो उभा राहून बोलायचा, घाईघाईत उरकायचा नाही, आणि बोलणं दुसऱ्याकडे सोपवलं तर त्याने त्यात आपली भर घालायची. इतक्या उंचीवर द्राक्षं होत नाहीत, वाइन खालून येते, घरात गाळलेली अराकी मात्र इथलीच. मी पेला नुसता ओठाला लावत होते. कोणी आग्रह केला नाही. पण माझी पाळी आल्यावर गप्प बसू दिलं नाही. पिणं टाळता येतं, बोलणं टाळता येत नाही.

आजी मात्र उभ्या होत्या. चूल ते टेबल, टेबल ते चूल. आमच्याकडेही पुरुषांची पंगत उठेपर्यंत माझी आई अशीच उभी असायची. मी पाहुणी म्हणून बसलेली आणि ज्यांनी सगळं रांधलं त्या उभ्या, हे मला गिळवेना. मी शेजारची खुर्ची ओढली. त्यांनी हाताने नको म्हटलं. गेलेल्यांचा पेला आला तेव्हा मात्र त्या स्वतः होऊन येऊन बसल्या. नवऱ्याचं नाव घेतलं, १९८७ च्या हिमलोटात गेलेल्या दोघांची नावं घेतली, घोटभर अराकी घेतली आणि पुन्हा उठल्या. माझी पाळी आली तेव्हा मी हिवाळ्यात इथे राहणाऱ्यांच्या नावाने पेला उचलला. काकांनी टेबलावर मूठ आपटली आणि आजींचा मुलगा म्हणाला, "तो आमचाच."

कारण राहणारे थोडे आहेत. बर्फ पडलं की कित्येक घरं खाली उतरतात. २०१५ मध्ये सरकारने डोंगरी भागासाठी कायदा केला, वर राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनमध्ये वीस टक्के वाढ आणि शिक्षक-डॉक्टरांना जादा पैसे. आजी म्हणाल्या, पैसे बरे आहेत, पण शाळेत पोरं हवीत. कोकणात मे महिन्यात गजबजणारी आणि जूनला कुलूप लागणारी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

पहाटे ढग फाटले. बोळाच्या टोकाला श्खारा उभा होता, ५१९३ मीटरचा, जॉर्जियातला सर्वांत उंच. भिंतीसारखा पसरलेला, शिखर शोधावं लागेल असा. आजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि गाई सोडायला गेल्या.

पश्चिमेकडून पूर्वेला काखेतीच्या द्राक्षमळ्यांत उतरलो तेव्हा तोडणी सुरू होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून द्राक्षं ओसंडत होती आणि रस्ते चिकट झाले होते. तिथून अबानो खिंडीत चढलो. २८२६ मीटरची ही खिंड तुशेतीत जायची नेहमीची मोटारवाट. जूनमध्ये उघडते, ऑक्टोबरात बर्फाने बंद होते. डेलिका गाडीच्या ड्रायव्हरने निघण्याआधी सगळ्यांच्या पिशव्यांबद्दल विचारलं, डुकराचं मांस, सॉसेज, हॅम काही नाही ना? तुशेतीत ते न्यायचं नसतं. देवस्थानं कोपतात, गाडीला अपघात होतो, अशी श्रद्धा. ख्रिस्ती माणूस डुक्कर वर्ज्य मानतो याचं आम्हाला नवल वाटलं, पण रस्ता पाहिल्यावर कोणतीही श्रद्धा मोडण्याची इच्छा राहत नाही.

खिंडीखाली मेंढरं भेटली. हजारोंचा कळप डोंगरावरून ओघळत होता, हिवाळ्यासाठी शिराकीच्या माळाकडे निघालेला. पुढे गाढवावर लहान मूल, मागे कान कापलेले प्रचंड कुत्रे, घोड्यावर पोत्याच्या टोपीतला मेंढपाळ. सगळ्या गाड्या इंजिन बंद करून उभ्या राहिल्या. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी काच खाली करून ओरडलं नाही. दिवाळीनंतर पुण्याच्या रस्त्यांवरून कोकणाकडे निघालेल्या धनगरांच्या वाट्याला काय येतं ते मी पाहिलेलं आहे. इथे मेंढपाळ जवळून गेला तेव्हा आमच्या ड्रायव्हरने टोपी काढली.

खिंडीपलीकडच्या ओमालो गावाहून दार्तलोला गेलो. पाटीच्या काळ्या दगडाची घरं, वर लाकडी नक्षीचे सज्जे, छपरांवर सौर पॅनेल, कारण विजेची तार इथवर आलेली नाही. मागच्या डोंगरापलीकडे चेचन्या आणि दागेस्तान. गावाच्या कडेला दगडांचं एक लहान देवस्थान होतं, वर मेंढ्याची शिंगं. मी तिकडे वळले तोच यजमानीणबाई मागून धावत आल्या आणि माझा दंड धरला. बायकांनी तिथे जायचं नसतं. आमच्यासाठी खालून वळसा घालून जाणारी पायवाट आहे. मी वळसा घातला. पण मनात ते बसलं नाही, आणि बसावं असं मला वाटतही नाही. शनी शिंगणापूरचा चौथरा २०१६ मध्ये बायकांना खुला झाला तेव्हा मला झालेला आनंद मी इथल्या घाटाखाली ठेवून आले नव्हते. त्या बाईंना मी विचारलं, तुम्हाला जावंसं वाटत नाही? त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीला वाटतं. ती तिबिलिसीत असते. इथे आली की तीही वळसा घालते." मग थोडं चालल्यावर, "पण दर वेळी विचारते."

त्या रात्री त्यांनी कोतोरी केली. पातळ पोळीत खारट दह्याचा चक्का भरलेला, आणि ताटात आल्यावर वरून एर्बो, म्हणजे शुद्ध तूप, पोळी बुडेल इतकं. माझ्या दुभाष्याने घर सोडल्यापासून इतकं तूप पाहिलं नव्हतं. तो बोलायचाच थांबला, त्यामुळे जेवणात संभाषण खुंटलं. टेबलाशी यजमानीणबाईंचे दीर, त्यांचे म्हातारे चुलते आणि दोन मेंढपाळ होते. चुलत्यांनी तामादा म्हणून काखेतीच्या नावाने पेला उचलला, आणि मला राणी केतेवानची आठवण झाली.

केतेवान ही काखेतीची राणी. इराणच्या शहा अब्बासने तिला कैदेत ठेवलं, धर्म सोडायला सांगितलं. तिने नकार दिला, आणि १६२४ साली शिराझमध्ये हालहाल करून तिला मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांचा काही भाग १६२७ मध्ये गोव्याला आणला. जुन्या गोव्याच्या टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या मठात त्या ठेवल्या. पुढे मठ ओस पडला, चर्चचं छप्पर कोसळलं, आणि सेहेचाळीस मीटर उंच घंटेचा मनोरा जांभ्या दगडात अर्धा उघडा उभा राहिला. त्या भग्नावशेषांत खणताना पुरातत्त्व खात्याला अस्थी सापडल्या. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्यातल्या काही जॉर्जियाला सुपूर्द केल्या.

अस्थी परत आल्याचं त्या सगळ्यांना माहीत होतं. टीव्हीवर पाहिलं होतं. पण त्या टेकडीवर उभं राहिलेलं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. मी पावसाळ्यातला तो जांभा, त्यावरचं शेवाळ, चौथऱ्यावरच्या फुटक्या फरशा, भोवतालची माडाची आणि फणसाची झाडं सांगत गेले. मुलगा तूप विसरून भाषांतर करत होता. चुलते उठून उभे राहिले. मग दीर, मग मेंढपाळ. यजमानीणबाई चुलीपासून आल्या आणि पदर नसलेल्या त्या बाईने डोक्यावरचा रुमाल नीट केला. चुलते जे बोलले त्यातलं मुलाने एवढंच सांगितलं की परक्या मातीने चारशे वर्षं आमची पाहुणी सांभाळली, त्या मातीसाठी. मी त्या रात्री पेला नुसता ओठाला लावला नाही.

सकाळी हिशेब झाला. तुशेतीत आता बहुतेक घरांना पाट्या आहेत, खोलीचा दर आहे, नाश्त्याचा वेगळा. काही प्रवासी यावर नाराज असतात. पाहुणचाराचा धंदा झाला म्हणतात. मला ते पटत नाही. जी बाई चार महिन्यांच्या कमाईवर खालच्या अलवानी गावात मुलांचं शिक्षण करते तिने खाटेचे पैसे का घेऊ नयेत? काय विकायचं आणि काय नाही, हे ती पुरतं जाणते. तिने वहीत खोली लिहिली, नाश्ता लिहिला. रात्रीच्या जेवणापाशी पेन्सिल थांबली. मी आग्रह धरला. तिने वही मिटली.

"रात्री पाहुणी तुम्ही नव्हता," ती म्हणाली. "ती होती."

पुढच्या आठवड्यात घर आवरून तीही खाली जाणार होती. गाद्या उन्हात पडल्या होत्या, दीर धुराड्यावर पत्रा ठोकत होते. निघताना तिने मेंढीच्या चीजचा तुकडा कापडात गुंडाळून दिला आणि अलवानीचा पत्ता मुलाच्या फोनमध्ये लिहून घ्यायला लावला. गोव्याच्या त्या टेकडीचा फोटो हवा होता, फोनवर नको, कागदावर, चुलत्यांच्या खोलीत लावायला. पावसाळ्यातला की उन्हाळ्यातला, मी विचारलं. दोन्ही पाठवा म्हणाली, आणि मनोऱ्याशेजारी उभं राहून माझाही एक काढायला सांगितला, म्हणजे उंची कळेल.